इंजिन तेवढं ठरायचंय

जीपवाले आण्णा ओळखायला सोपे असतात. त्यांच्याकडं जीप असते आणि ते सगळीकडं स्कूटरवरनं जातात.

कोल्हापुरात दर पेठेला असा एखादा आण्णा असतोच. सांगली-साताऱ्याकडं त्यालाच दादा किंवा बापू म्हणतात, नमुना तोच. पन्नाशी उलटलेली, पोरं मार्गाला लागलेली, घरामागं थोडी जागा, जागेवर पत्र्याचं शेड आणि शेडात चार ठोकळ्यांवर उभी केलेली बिनइंजिनाची विलीज. आमचे आण्णा एका सहकारी संस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या पैशाचा ताळेबंद जुळवण्यात गेला. जीपवर किती खर्च झाला, हे मात्र त्यांनी कुठंच टिपलेलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणतात, "छंदाला व्हाऊचर नसतं."

गाडीची चौकशी केली की उत्तर ठरलेलं. "तयारच आहे. इंजिन तेवढं ठरायचंय." गल्लीला हे इतकं पाठ झालंय की अभ्यास झाला का विचारल्यावर शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, "झालाच आहे. इंजिन तेवढं ठरायचंय."

वास्तविक गाडीला इंजिन होतं. हरिकेन नावाचं, चार सिलिंडरचं, बावीसशे सीसीचं पेट्रोल इंजिन. आण्णांनी ते बोअरिंगसाठी म्हणून उतरवलं आणि उतरवल्यावर बॉनेटखाली जी मोकळी जागा दिसली तिनंच घात केला. त्या जागेत तेव्हापासून त्यांना निरनिराळी इंजिनं दिसतात. हरिकेन कोपऱ्यात पोत्याखाली पडून आहे आणि उन्हाळ्यात बॉनेटवर वहिनींच्या सांडग्या मिरच्या वाळतात.

आण्णांचा अभ्यास मात्र दांडगा. इंजिन बदलणं म्हणजे मूळ गाडीशी बेइमानी, असं कुणी म्हटलं की ते त्याला हाताला धरून बॉनेटपाशी नेतात. "हे बॉनेट एवढं उंच का, सांग. १९५३ साली विलीजनं अमेरिकेत जुन्याच जीपमध्ये हे हरिकेन घातलं. वरच्या व्हॉल्व्हमुळं ते आधीच्यापेक्षा उंच झालं. बॉनेट बसेना. मग त्यांनी इंजिन परत पाठवलं का? न्हाई. बॉनेट उचललं! म्हणजे ही गाडीच मुळात इंजिन बदलून झालेली हाय. आपण परंपरा चालवतोय." ही उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी महिंद्रानं आपल्याकडं वर्षानुवर्षं काढली, त्यामुळं भारतात जीप म्हटलं की हेच तोंड डोळ्यांपुढं येतं.

आणि गाडी घरी जोडणं हा वेडेपणा आहे असं म्हणालात, तर दुसरा अध्याय. महिंद्राची सुरुवात तरी कशी झाली? चाळीसच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतनं पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि मुंबईत माझगावला जोडले जायचे. विलायतेत तर हा रीतसर धंदा होता. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९५७ साली 'सेव्हन' नावाची चिमुकली उघडी गाडी काढली आणि ती सुट्या भागांत विकली, कारण आख्ख्या गाडीवर तिथं खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एवढीच की सोबत जोडणीची माहितीपुस्तिका द्यायची नाही. तेव्हा लोटसवाल्यांनी गाडी सोडवायची कशी, याची पुस्तिका दिली म्हणे. गिऱ्हाइकानं ती शेवटाकडून वाचायची! १९७३ ला तिथं व्हॅट आला, करातली ही पळवाट बंद झाली आणि लोटसनं 'सेव्हन'चे हक्क केटरहॅमवाल्यांना विकून टाकले. गाडी अजून निघते आणि लोक अजूनही ती घरी जोडतात. ही हकीकत सांगताना आण्णांचा चेहरा खुलतो. त्या पुस्तिकेचा सोडवण्याचा भाग त्यांनी स्वतः तंतोतंत पाळलाय.

संध्याकाळी सहानंतर शेडात माणसं जमायला लागतात आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीला यावा तेवढा रंग येतो. पेट्रोल हे सत्तारूढ पॅनेल. त्याचे नेते निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. त्यांना मशिनमधलं काही कळत नाही, पण हरिकेनचा आवाज आठवला की डोळे मिटतात. विरोधी डिझेल पॅनेलमध्ये जन्मजात फूट. कागलकडचे एक बागायतदार डीआय इंजिनाचे कट्टर कार्यकर्ते. पंचवीसशे सीसीचं, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. "बिघडलं तर बांधावर बसून दुरुस्त करता येतंय," हा त्यांचा एककलमी जाहीरनामा. त्यांचं वाजलंय ते प्यूजोवाल्यांशी. प्यूजो, म्हणजे फ्रेंच परवान्यावर महिंद्रानं काढलेलं एकवीसशेचं डिझेल. डीआयपेक्षा मऊ चालतं, पण गार पहाटे हीटर तापल्याशिवाय उठत नाही. "गाडीनं शेतावर जायचं का पूजेला बसायचं?" असं बागायतदार विचारतात आणि त्यावर चहाची एक फेरी होते.

तिसऱ्या आघाडीत टोयोटाचं टू-सी, जपानातनं वापरून आलेलं, मुंबईच्या भंगारबाजारात मिळणारं. अपक्ष पुष्कळ. कुणी अँबॅसडरमधलं इसुझूचं अठराशे सीसी पेट्रोल सुचवतं, कारण त्याच्याबरोबर पाच गिअर मिळतात. कुणी जिप्सीचं तेराशेचं, कारण ते हलकं. मध्यंतरी आण्णांचा पुण्यातला पुतण्या आला आणि इंजिनच कशाला, मोटर आणि बॅटरी बसवून टाका म्हणाला. त्या एका संध्याकाळी सगळी पॅनेलं एक झाली. पोरगं जेवायलाही थांबलं नाही.

आण्णा स्वतः कुठल्याच गटाचे नाहीत, आणि त्यांचं सगळं बळ यातच आहे. ज्याचं बोलणं चाललंय त्याच्याकडं बघून ते मान डोलवतात आणि तो माणूस आपलंच इंजिन बसणार या आनंदात घरी जातो.

बरं, एकदा इंजिन ठरलं की सुटलं, असंही नाही. एक बदललं की पुढची रांग उभी राहते. डिझेल घालावं, तर ते फार फिरत नाही. जीपचं क्राउन-पिनियन ५.३८ चं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचाच्या वर फेरे. सत्तरच्या पुढं गाडी केकाटणार. म्हणून क्राउन-पिनियन बदलायचं. बदललं की गाडी पळणार. पळाली की ड्रमचे ब्रेक पुरणार नाहीत. ब्रेक बदलायचे तर हब बदलायचे, हब बदलले की चाकं. तोवर कुणाच्या तरी लक्षात येतं की नवं इंजिन लांब आहे, रेडिएटर पुढं सरकवावा लागेल, आणि पुढं जागा नाही. रात्री साडेनऊला सगळे उठतात तेव्हा हिशेब असा निघालेला असतो की मूळ जीपमधली फक्त नंबरप्लेट राहील.

अर्थात आरटीओचा विषय असतोच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, हे आण्णांना मारुतीस्तोत्रासारखं तोंडपाठ आहे. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी काढायची आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायचा. आण्णा पडले हिशेबनीस, कागदाच्या बाबतीत चोख. म्हणून आधी परवानगी आणि मग काम, या शिस्तीनं ते फाइल घेऊन गेले. फाइलमध्ये चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून उतरवलेला ठसासुद्धा होता.

साहेबांनी फाइल चाळली. "कुठलं इंजिन बसवायचंय?"

"तेच विचारायला आलोय," आण्णा म्हणाले.

साहेबांच्या वडिलांकडं म्हणे एकेकाळी जीप होती. पाऊण तास चर्चा झाली. बाहेर लायसनवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली. आण्णा परवानगी न घेता परत आले, पण पेट्रोल पॅनेलला एक वजनदार मत मिळालं.

आण्णांचं खरं सुख बघायचं तर त्यांना उद्यमनगरात गाठावं. या भागानं पिढ्यान् पिढ्या ऑइल इंजिनं ओतली, घासली, जोडली. इथल्या लेथवाल्याला नुसतं भोक दाखवलं तरी तो बोल्ट सांगतो. एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गिअरबॉक्सला जोडायचं म्हणजे मध्ये अडॅप्टर प्लेट लागते, जाड लोखंडाची, एका बाजूला याची भोकं, दुसऱ्या बाजूला त्याची. मिस्त्री बेल हाउसिंगच्या तोंडावर गॅस्केटचा कागद ताणून धरतो आणि हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं हलके टोले देत जातो. टक, टक, टक. कागद कडेवर कापत जातो, भोकाभोकातनं गोल टिकल्या निघून फरशीवर पडतात, आणि थोड्या वेळात आख्खं तोंड कागदावर उतरतं. हे काम आण्णा श्वास रोखून बघतात. खाली पडलेल्या टिकल्या गोळा करून काडेपेटीत ठेवतात.

"भोकं जुळवणं सोपं हाय आण्णा," मिस्त्री सांगतो. "क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सेंटर एका लाइनीत याय पायजे. केसभर हललं तरी पायलट बेअरिंग बोंबलतंय, क्लच प्लेट खातंय. आदी इंजिन आणा, मग प्लेट करू."

पण आण्णांना दम निघत नाही. डीआयची प्लेट झाली. ती घासून होते तोवर प्यूजोचं मन झालं, तिची झाली. मग टोयोटाची. शेडाच्या भिंतीला या प्लेटा खिळ्याला टांगलेल्या आहेत, प्रत्येकीवर खडूनं नाव. ज्या इंजिनांसाठी त्या केल्या ती इंजिनं या शेडाची पायरी कधी चढली नाहीत.

या सगळ्यात गल्लीला कीव येते ती वहिनींची. रोजचा दहा-बारा कप चहा, परसात ग्रीसचे ठसे, टॉवेलाला ऑइलचा वास. बायका हळदीकुंकवाला आल्या की शेडाकडं बघून च्यक् च्यक् करतात. वहिनी त्यांना पान-सुपारी देतात आणि काही बोलत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण मिटायच्या घाईला आलं. मिस्त्रीच वैतागला. भर बैठकीत उभा राहून म्हणाला, "आण्णा, हरिकेनच बसवूया. बोअर मी करतो, पिस्टन-रिंगा नव्या घालू. प्लेट नको, परवानगी नको, आरसीवर हाय त्योच नंबर. पंधरा दिसांत गाडी रोडवर."

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. चित्रकला सरांनी डोळे पुसले. बागायतदारसुद्धा म्हणाले, "हां, करा बाबा एकदाचं." पोतं बाजूला झालं. आण्णांनी हरिकेनच्या हेडवरनं हात फिरवला, खिशातनं पैसे काढले आणि मिस्त्रीला ॲडव्हान्स द्यायला हात पुढं केला. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"अहो," ट्रे बॉनेटवर टेकवत त्यांनी विचारलं, "ह्यात एसी चालंल का?"

आण्णांचा हात जिथल्या तिथं थांबला. उघड्या जीपला, कॅनव्हासच्या टपाला, बिनदाराच्या गाडीला एसी! पण हसलं कुणीच नाही. आण्णांच्या चेहऱ्यावर जुनं तेज चढायला लागलं. "प्रश्न बरोबर हाय. एसी म्हणजे कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनावर लोड. हरिकेनला घाटात झेपणार न्हाई."

"डीआयला झेपतंय," बागायतदार.

"टू-सीला मूळचंच ब्रॅकेट असतंय," तिसरी आघाडी.

"पण आधी पत्र्याचा टप करावा लागंल, त्याचं वजन किती?" आण्णांनी पैसे खिशात घातले आणि मोजायची पट्टी मागितली. मिस्त्रीनं हरिकेनवर पोतं परत घातलं, कपाळाला हात लावला आणि चहा उचलला.

मी रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "वहिनी, पंधरा दिवसांत सुटला असता की हो तुमचा वनवास!"

"कसला वनवास?" वहिनींनी गॅस बारीक केला. "मागच्या गल्लीतल्या भाऊजींची गाडी झाली पूर्ण. आता दर रविवारी बायकोला घेऊन आंबोली. त्या बिचारीचं मणक्याचं औषध चालू झालं. पुढल्या वर्षी लडाख म्हणतायत. आमचे हे रोज सहाच्या आत घरात. चार चांगली माणसं येऊन बसतात, पत्ते न्हाईत, बाटली न्हाई. उभ्या गाडीला डिझेल लागत न्हाई, पावती फाटत न्हाई, कुणाला धडकत न्हाई."

"पण वहिनी, हे एसीचं भांडण मिटलं की?"

"एसीवर वर्ष जाईल," कप विसळत त्या म्हणाल्या. "मग पॉवर स्टीअरिंगचं विचारते."