दारातला हत्ती

आमच्या मेहुण्यांनी बारा वर्षं जुनी जर्मन गाडी नव्या हॅचबॅकच्या भावात घेतली. दारात हत्ती झुलू लागला. चाऱ्याचा हिशेब मात्र खंबाटकी घाटात कळला. टायमिंग चेनला वळण लावणारी प्लास्टिकची पट्टी तुटली, चेन सुटली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. एवढ्या लोखंडात मोक्याच्या जागी प्लास्टिक कसं, असं विचारायचं नसतं. विचारणारा अडाणी ठरतो. मेकॅनिकने बॉनेट उघडून आधी हळहळ व्यक्त केली, मग आकडा सांगितला. तो गाडीच्या किमतीहून मोठा. “साहेब, कुर्ल्याच्या जुन्या बाजारात इंजिन मिळेल. गॅरंटी? दुकानाच्या पायरीपर्यंत.”

मेहुणे आता रोज संध्याकाळी तिच्यात नुसते बसतात. सीट गरम करायची सोय अजून शाबूत आहे. पुण्यात, मे महिन्यात.