साडेसात क्विंटलचा लॅपटॉप

चाळीस हजार रुपयांच्या लॅपटॉपला सोयाबीन किती लागतं, हा हिशेब चिखलीत कॅल्क्युलेटरशिवाय होतो. २०२५-२६ साठी जाहीर झालेला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे साडेसात क्विंटल. हा कागदावरचा लॅपटॉप झाला. हंगामात बाजारातला भाव त्याच्या बराच खाली राहिला, तेव्हा खरा लॅपटॉप नऊ-दहा क्विंटलांना पडतो. एवढा माल घरातून जाणार म्हटल्यावर अमडापूरच्या दादांच्या मुलीला लॅपटॉप कोणता घ्यावा, या प्रश्नात सगळ्या भावकीने लक्ष घातलं, यात नवल काहीच नाही.

पुतणीला चिखलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. तिची अट एकच. "काका, छोटा पाह्यजे. एसटीत मांडीवर घेऊन बसता आलं पाह्यजे." अट रास्त होती. पण छोटा म्हणजे कमी, आणि कमी म्हणजे फसवणूक, असा दादांचा बाजारातला अनुभव. त्यांनी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. भाचा हिंजवडीत असतो, त्यामुळे त्याचं मत आमच्याकडे निकालपत्रासारखं वाचलं जातं. तो म्हणाला, "आय-सेव्हनच घ्या."

झालं! प्रोसेसर हा लॅपटॉपमधला एकच भाग असा आहे की त्याचं नाव पाहुण्यांना सांगता येतं. मुलीला आय-सेव्हन घेऊन दिला, असं लग्नाच्या पंगतीत म्हणता येतं. आठ जीबीची रॅम घेऊन दिली, असं कोणी म्हणत नाही. आय-थ्री म्हणताना तर आवाज आपोआप खाली जातो. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम १९५० साली पुण्यात जन्मले, असं मी मध्येच सांगितलं. "मंग पुण्याच्या पोराचंच आयकलं पाह्यजे," म्हणून दादांनी तो मुद्दाही भाच्याच्या खात्यात जमा केला.

मग एका दुकानात आय-सेव्हन अगदी स्वस्तात दिसला. कुठल्याशा कंपनीने वापरून काढून टाकलेला, वरून पुसून चकचकीत केलेला. तो सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५ सालचा निघाला. त्या पिढीत छोट्या लॅपटॉपांना बसणाऱ्या आय-सेव्हनमध्ये दोनच कोअर असत. २०२२ च्या बाराव्या पिढीतल्या साध्या आय-थ्रीत सहा आहेत. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच दारात घेते, आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घराण्याचं नाव मोठं, पण घरात दिवा नाही, असा तो प्रकार होता. नावापेक्षा पिढी पाहावी आणि नंबराच्या शेवटचं अक्षर पाहावं. यू असेल तर तो कमी विजेवर चालतो, एच असेल तर जोर जास्त, ताप जास्त आणि बॅटरी लवकर खलास. एसटीत मांडीवर ठेवायचा असेल तर हे मांडीलाही कळतं.

दादांना रॅम आणि हार्ड डिस्क समजावताना इंग्रजी शब्दांनी काही हाताला लागेना. शेवटी बाजार समितीच मदतीला आली. दिवाळीच्या तोंडावर आवारात उभं राहून पाहा. गोदाम म्हणजे हार्ड डिस्क, माल तिथे महिनोन्‌महिने पडून राहतो. लिलावाचा ओटा म्हणजे रॅम, सौदा करायचा तर माल आधी ओट्यावर यावा लागतो आणि संध्याकाळी ओटा झाडून मोकळा होतो. मापारी म्हणजे प्रोसेसर. आता मापारी कितीही चपळ असला तरी ओटा चारच पोत्यांचा असेल, तर पाचवं पोतं आणायला आधीचं एक उचलून गोदामात नेऊन टाकावं लागतं. त्यात गोदामाची वाट गाळाची असेल, तर मापारी दिवसभर बिडी ओढत बसतो. आपण मात्र घरी येऊन सांगतो, मापारी ढिला हाये.

दादांना हे इतकं पटलं की त्यांनी ताबडतोब मापारी सोडून गोदामाची चौकशी सुरू केली. "एक टीबी," दुकानदार म्हणाला. आकडा भरघोस होता. पण ती जुन्या चालीची फिरती हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. या जातीचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, कपाटासकट वजन टनाच्या आसपास, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं. दादांना रोज सकाळी येणारी सुप्रभातची चित्रं चार दिवसांत तिचं पोट भरून टाकतील. पुढे तबकड्या तळहातावर मावू लागल्या, पण रीत तीच राहिली: तबकडी फिरणार, तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारं टोक सरकणार, हवी ती जागा सापडेपर्यंत सगळे थांबणार. एसटीच्या मागच्या सीटवर ही नाजूक कसरत किती दिवस टिकेल, हे ज्याचं त्यानं ठरवावं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, आणि विखुरलेल्या फाइली शोधून आणण्यात ती फिरत्या डिस्कच्या शंभरपटीहून वेगवान असते.

घाटावरच्या माणसाला वाट पाहण्याचं तसं वावडं नाही. खामगाव-जालना रेल्वे इंग्रजांच्या काळापासून आमच्याकडे लोड होतेच आहे. पण पुतणीचं पहिलं लेक्चर सकाळी असतं.

छोट्या लॅपटॉपचं वेड यापूर्वीही एकदा येऊन गेलं आहे. २००७ च्या अखेरीस आसूसचा ई-पीसी आला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, साठवणीला चार जीबी आणि वजन किलोच्या आत. पुढच्या वर्षी इंटेलने असल्या छोट्या लॅपटॉपांसाठी ॲटम प्रोसेसर काढला, आणि एमएस-सीआयटी झालेल्या निम्म्या पोरांना तो घ्यावासा वाटू लागला. असल्या लॅपटॉपांवर पुढे विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती मिळे; तिच्यात पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. देवाचा फोटो लावायचा कुठे, असं आमच्या एका काकूंनी तेव्हा विचारलं होतं, आणि माझ्या मते त्या यंत्राची तेवढी परीक्षा पुरेशी आहे. दिसायला गोड, पण तिन्ही बाबतींत उपाशी.

तीच चूक आजही सुंदर डब्यात मिळते. ६४ जीबीच्या ईएमएमसी साठवणीचे स्वस्त लॅपटॉप पाहा. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची, त्यामुळे ती आणि तिची अपडेटं आत बसली की पोरीच्या फाइलींना कोपरा उरतो. रॅमची किमान अट चार जीबी. चार जीबीत विंडोज चालते, माणूस चालत नाही. आठ हवी. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाढवायला जागा हवी, कारण कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर करून टाकलेली असते; जी मिळाली ती जन्माची.

रॅमवरून एक वाद मात्र माझ्याच्याने मिटला नाही. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि जगभर रॅमचे भाव चढले. हे ऐकून दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्या रॅमले हमीभाव नाही, तरी भाव वाढते. आन् आमच्या सोयाबीनले हमीभाव हाये, तरी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि दुकानदारानेही नजर बिलबुकात घातली.

शेवटी घेतला तो बाराव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, एक खण रिकामा, ५१२ जीबीची एसएसडी, चौदा इंच. घरी येऊन पुतणीने उघडला तर साठवण ४७६ जीबी दाखवू लागली. दादा उठूनच बसले. "काट्यात मारलं!" कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज एक हजार चोविसाने, म्हणून आकडा घटतो, माल तेवढाच असतो, हे मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. आडत्यांकडूनही त्यांनी आयुष्यभर अशीच स्पष्टीकरणं ऐकून घेतली आहेत.

तुम्ही दुकानात निघाला असाल तर नावाच्या आधी दोन गोष्टी विचारा: साठवण एसएसडी आहे का, आणि रॅमचा खण रिकामा आहे का. प्रोसेसर उरलेल्या पैशात येईल तो, फक्त अलीकडच्या पिढीचा. आणि पुण्याच्या भाच्याला फोन करायचाच असेल, तर बिल झाल्यावर करा.