फॅट किती, बीपी किती

"अगं ए, जरा इकडं ये कुंपणाशी. सकाळी डेअरीवर एवढी गर्दी कसली होती? फॅटवरनं परत जुंपली काय कुणाची?"

"नाही हो काकू. आरोग्य मंदिरातल्या मॅडम आल्या होत्या, आशाताई आणि आरोग्यसेवकाला घेऊन. बीपी, शुगर, तोंड तपासायला. फक्त पुरुषांचं."

"आणि पुरुष थांबले?"

"न थांबून जातात कुठं? माप झाल्याशिवाय किटली सोडता येत नाही, आणि स्लिप हातात पडल्याशिवाय कुणाचा पाय निघत नाही. मॅडमनी नेमका तेवढाच वेळ गाठला. सहाला क्रेट मांडून तयार."

"हुशार पोरगी! नाहीतर ते मागचं देवळातलं शिबिर. पुरुषांचं, पुरुषांचं म्हणून भोंग्यावरनं ओरडून घसा बसला त्यांचा."

"२०२३ चं ना? 'निरोगी आरोग्य तरुणाईचे' म्हणून सरकारनं काढलं होतं, अठरा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांसाठी. फ्लेक्सवर पुरुष आणि रांगेत आपण बायका. ह्यांना म्हटलं चला, तर म्हणाले, मला काय धाड भरलीय?"

"सगळ्यांचं तेच. आणि खरं सांगू का, उपकेंद्रात गेलं की गरोदर बाया, लस टोचून घेणारी पोरं, नुसती रडारड. तिथं बाप्या माणूस बाकावर बसला की इकडंतिकडं बघत बसतो. शिवाय ते उघडतं तेव्हा हे रानात. पुरुष ऐकत नाहीत म्हणून आपण बोंबलतो, पण ते सकाळच्या पारी जिथं असतात तिथं कधी कोण गेलं होतं?"

"तेच मॅडम म्हणाल्या. काकू, म्हशीचा फॅट प्रत्येकाला पॉइंटासकट पाठ. कालचा सहा पाच, आज सहा दोन कसा, म्हणून मशीनवर डाफरत होते. आणि मॅडमनी विचारलं, तुमचा बीपी किती, तर एकमेकांची तोंडं बघायला लागले."

"आमचे आप्पा होते काय गं?"

"होते म्हणजे! चहा ढोसून, वर तंबाखू मळून आले, आणि बसल्याबसल्या हात पुढं केला. मॅडम म्हणाल्या, असं नाही. पाठ टेका, पायावरचा पाय काढा, पाच मिनिटं बोलू नका. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास तर मोजूच नये म्हणे, आकडा उगाच वर दिसतो. मग सगळ्यांत शेवटी घेतला त्यांचा. एकदा नाही, दोनदा."

"पाच मिनिटं गप्प? आप्पा? तेवढ्यानंच चढला असेल."

"त्याच्या आधी तो फॉर्म. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा आशाताई भरते, त्यात मार्क असतात. वयाचे, तंबाखूचे, दारूचे, चालण्याफिरण्याचे, आईबापाला शुगर-बीपी होतं का त्याचे. आणि कमरेचे. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरपर्यंत असली तर मार्क नाही, शंभरपर्यंत एक, त्यापुढं दोन. आप्पांनी पोट असं आत ओढलं की सदरा सैल झाला. आशाताई टेप धरून उभीच. म्हणाली, सोडा सावकाश, मला घाई नाही. किती वेळ धरणार? सोडलं तर एकशे चार."

"आणि तंबाखू?"

"'कधीतरी.' तळहातावरचा चुना अजून ओला होता."

"मग किती पडले मार्क?"

"चाराच्या वर गेले की तपासणी पक्की. आप्पांचे दुपटीच्याही वर. तर विचारतात कसे, गावात पहिला आलो काय?"

"मेला तो!"

"हसू नका. बीपी दुसऱ्यांदा घेतला तरी एकशे चाळीस-नव्वदच्या वरच आला. आता परत एकदा बघणार आणि मग गोळी. फुकट मिळते, एका वेळी महिन्याची. आपला सातारा जिल्हा ह्या बीपीच्या कार्यक्रमात पहिल्याच खेपेला घेतलेला, त्यामुळं गोळीचा तोटा नाही. तोटा आहे तो खाणाऱ्यांचा. अण्णांचंच बघा ना. पंधरा दिवस खाल्ली, डोकं दुखायचं थांबलं आणि डबी फळीवर. अहो, बीपी वाढलेल्याचं डोकं दुखेलच असं नाही, त्यात तर सगळी मेख आहे."

"अण्णा म्हणतात, एकदा लागली की सवय होते गोळीची. तंबाखूची झालेली चालते ह्यांना. बरं, ती शुगर?"

"बोटाला टोचून. खाऊनपिऊन आलेल्याची एकशे चाळीसच्या वर आली की उपाशीपोटी परत बोलावलंय. शर्यतीत बैलांपुढं नाचणारा तो आपला गडी, थेंबभर रक्त बघून क्रेटवर बसला तो बसलाच. पण काकू, खरी काळजी तोंडाची."

"का गं?"

"बॅटरी मारून गालाच्या आत, जिभेखाली बघतात. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, भरत न येणारा फोड. आणि तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगतात. आपली जातात सहज. एका पोराची दोनच गेली. बाविशीचं पोर! तिशी नव्हती, मॅडमनी आपणहून बघितलं त्याचं. गाल आतनं कडक झालेत म्हणे, सुपारी-गुटख्यानं. त्याची आई आठ दिवसांपूर्वी मलाच सांगत होती की हल्ली पोराला तिखट सोसत नाही, भाजीत पाणी घालून खातो. आणि आम्ही म्हटलं, शहरात राहून नखरे वाढले."

"गुटख्याला तर बंदी आहे ना?"

"२०१२ पासनं! माळा बाहेर टांगत नाहीत, फळीखालून देतात, एवढाच फरक. त्याला पुढं दातांच्या डॉक्टरकडं पाठवलंय."

"कुणाचा गं तो? त्या वरच्या आळीतल्या..."

"नाव नाही सांगणार. मॅडम प्रत्येकाचा कागद उलटा घालून ठेवत होत्या."

"मग तुला कसं कळलं?"

"मी नळावर किटली धूत होते."

"बराच वेळ धूत होतीस!"

"होते. म्हणून तर म्हणते, नाव नको. पोराचं लग्न बघतायत. आपण दोघी इथं बोललो की संध्याकाळपर्यंत मुलीकडच्यांना कळतं, आणि पुढच्या खेपेला एकही पोर तोंड उघडत नाही."

"बरं बाई. तात्यांचं काय? रात्री चार-चारदा उठतात, परसातला दिवा माझ्या खिडकीत पडतो."

"मॅडमसमोर काही बोलले नाहीत. लेकीएवढी मुलगी, कसं सांगणार? मग आरोग्यसेवकाला बाजूला घेऊन कुजबुजले. त्यानं ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. वय झालं की प्रोस्टेट वाढते, बहुतेकांची साधीच असते, पण दाखवायला हवं. आमचे दीर लगेच म्हणाले, माझी पण ती प्रोस्टेटची रक्ताची तपासणी करा. तर मॅडम म्हणाल्या, त्रास नसताना सरसकट नाही करत, आधी डॉक्टरशी बोला."

"आणि तो... खालच्या मळ्यातला? आला होता का? पोरगा गेल्यापासनं कुणाशी बोलत नाही."

"आला होता. दंडाला पट्टा बांधलेला असताना आपणहून म्हणाला, मॅडम, झोप येत नाही. एवढंच. मॅडमनी पट्टा सोडला, पण त्याला उठू दिलं नाही. सगळे गेले तरी दोघं बोलत होते. १४४१६ नंबर लिहून दिला त्याला. टेलिमानस, फुकट असतो, रात्रीपण उचलतात, मराठीत बोलतात. आणि नुसता नंबर देऊन थांबल्या नाहीत, तिथंच लावून दिला."

"हे नको हं कुणाला सांगू."

"नाही सांगत."

"आता आमच्या ह्यांचं काय करू सांग. पासष्ट झाली, बीपी कधी बघितलेला नाही. आणि म्हस विकल्यापासनं डेअरीचं तोंड बघत नाहीत. मॅडम परत कधी येणार?"

"बुधवारी. फेरतपासणी आहे. आमची किटली द्या काकांच्या हातात. म्हणावं, शेजारच्या सुनेचं मनगट दुखतंय."

"रिकामी?"

"रिकामी कशाला, भरलेली. रिकामी दिली तर पारावर ठेवून पत्ते कुटत बसतील. आणि स्लिप आणायला सांगा, आमचा फॅट मला बघायचाय."