नापास आवाजांसाठी मार्गदर्शन

निवेदक व्हायचे तर आधी गळा कमवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी सुचवलेला ज्येष्ठमध खुशाल चघळावा. सल्ला मात्र मनावर घेऊ नये. या व्यवसायाची थोर परंपरा ध्वनिचाचणीत नापास होण्यापासून सुरू होते.

अमीन सयानींनी हा श्रीगणेशा वेळेवर केला. उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाया आहे, म्हणून आकाशवाणीच्या हिंदी विभागाने त्यांना परत पाठवले. पण नुसते नापास होऊन भागत नाही, नभोवाणीमंत्रीही सोयीचा लागतो. तो त्यांना 1952 मध्ये लाभला. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मंत्र्यांशी वाद घातला नाही. काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले.

त्याच वर्षी डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' हा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. संहिता लिहायची, कार्यक्रम बसवायचा, सादर करायचा, वर श्रोत्यांची पत्रेही हाताळायची. मोबदला आठवड्याला 25 रुपये. एवढ्यात जाणता माणूस कुठला मिळायला! विशीही न गाठलेले सयानी मिळाले. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रे आल्याचे ते सांगत. तेव्हा उमेदवाराने आवाजाची पट्टी नंतर पाहावी, आधी आपला दर पाहावा. (सिलोनला जाण्याचाही खर्च नव्हता. ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात.)

नाव झाल्यावर परंपरा पुढे चालवणे हे कर्तव्यच. ते सयानींच्या हातून नकळत घडले. वेळ न ठरवता ध्वनिचाचणीसाठी आलेल्या एका सडपातळ तरुणाला भेटायला त्यांना सवड झाली नाही. तो अमिताभ बच्चन होता, हे ते पुढे स्वतःच सांगत. त्याच बच्चनचा आवाज 1969 साली 'भुवन शोम' या चित्रपटात ऐकू आला.

दूरदर्शनचे शास्त्र वेगळे. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि ही नोकरी कमरेच्या वरच करायची असते, हे स्मिता पाटील यांनी ओळखले. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या मराठी बातम्या वाचायला बसत. दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी त्यांना पडद्यावर पाहिले, आणि दूरदर्शनची वृत्तनिवेदिका सिनेमात गेली. ज्यांना खुर्ची टिकवायची आहे, त्यांनी बातम्यांच्या वेळी कोणता दिग्दर्शक घरी असतो याची माहिती काढून ठेवावी. प्रदीप भिडे यांनी खुर्ची टिकवली. वर्षानुवर्षे त्यांच्या खणखणीत आवाजात मराठी घरांनी बातम्या ऐकल्या.

एवढे करूनही बहुतेकांच्या वाट्याला नैमित्तिक उद्घोषकाचेच पद येते. मानधन ड्यूटीमागे मिळते. त्यामुळे पडद्यावर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची पाटी झळकली तरी घाबरून जाऊ नये. चहा मागवावा, ड्यूटी चालूच असते.