मागून ढकलणारे

लोणावळ्यात बंगल्यांच्या फाटकांवरची नावे वाचत फिरणे हा माझा बिनखर्चाचा व्यायाम. 'प्रभुकृपा', 'आशीर्वाद', 'ईश्वरी देणे'. पाटी संगमरवराची, अक्षरे पितळेची. तिच्याच खाली दुसरी पाटी, 'कुत्र्यापासून सावध'. कुंपणाच्या भिंतीवर काचा रोवलेल्या, कोपऱ्यात कॅमेरा. देवाने दिले हे मालकाला कबूल आहे. राखायचे काम मात्र त्याने देवाकडे सोपवलेले नाही.

मुंबईचा मोठा माणूस इथे येतो तो मोठेपणाचा शीण घालवायला. वर्षाकाठी मोजके शनिवार-रविवार. बाकीचे दिवस बंगल्यात राहतो तो रखवालदार. सकाळचा चहा तोच व्हरांड्यात पितो, धुके उठल्यावर समोरचा डोंगर आधी त्यालाच दिसतो, फणस पिकल्याचा वास पहिला त्यालाच येतो. कित्येकदा ही जमीन त्याच्याच आज्याची असते. आता सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि झोपाळ्यावर हा. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने सौम्य माणसांच्या नावे अख्खी पृथ्वी करून दिली. लहानपणी ते वाचताना मला वाटे, ही खातेफोड व्हायची कधी? इथे आल्यावर कळले की ताबा दिलेला आहे, फक्त कागद व्हायचे आहेत. (याला अन्याय म्हणायचे की कृपा, असे मी एका रखवालदाराला विचारले होते. तो म्हणाला, "पगार वेळेवर मिळाला की कृपाच.")

मावळाला मोठ्यांचे अप्रूप नाही. फार पाहिले त्याने. लोहगड-विसापूर ही जोडगोळी घ्या. लोहगड नावाप्रमाणे कणखर. नाना फडणविसांसारख्या सावध माणसाने आपला खजिना ठेवायला हाच गड निवडला. पण शेजारचा विसापूर त्याच्याहून थोडा उंच, आणि त्या 'थोडा'नेच घात केला. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. दुसऱ्या दिवशी लोहगड न लढता हाती आला. उंचीच्या भरवशावर राहणाऱ्याने शेजारी कोण आहे ते आधी बघून घ्यावे.

नाना गेल्यानंतर त्यांच्या पत्नी जिऊबाई याच लोहगडावर आश्रयाला होत्या, आणि जनरल वेलस्लीच्या हमीवर तिथून पनवेलला गेल्या. हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले, मग इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. एवढे सगळे करून मावळात त्याचे राहिले काय? नाक. खंडाळ्याजवळच्या सुळक्यात साहेबलोकांना ड्यूकसाहेबांचे बाकदार नाक दिसले आणि नकाशात 'ड्यूक्स नोज' लागला. गावकरी त्याला नागफणी म्हणतात. कुरवंड्याकडून चढणाऱ्या म्हातारीला ड्यूकबद्दल विचारून बघा. तिला वरच्या शंकराचे देऊळ माहीत असते.

मात्र आम्ही जित्या माणसांनी यातून काही शिकावे, तर तसे दिसत नाही. मावळातल्या लग्नाला या. जमिनींना भाव आल्यापासून मंगल कार्यालये महामार्गाच्या कडेने उगवली आहेत. पुढे सोफे, मग गाद्या लावलेल्या खुर्च्या, मग साध्या खुर्च्या, मग प्लॅस्टिकच्या, मग उभे. निवेदक माइकवर नावे पुकारतो: आजी, माजी, भावी. भावी हे पद मला फार आवडते; त्याला मुदत नसते. मुहूर्त टळून जातो, भटजी घड्याळ बघतात, नवरदेवाचा फेटा सैल होतो, आणि 'साहेब तळेगावच्या पुढे आले आहेत' अशी घोषणा होते.

लूकच्या शुभवर्तमानात येशूने हेच लग्न सांगितले आहे. मेजवानीला बोलावले तर पुढच्या आसनावर बसू नकोस, म्हणजे नंतर उठावे लागणार नाही. शेवटी बस, म्हणजे यजमान येऊन वर नेईल. वाचताना सोपे वाटते. आमच्या ओळखीतल्या एकांनी ते फारच मनावर घेतले. ते हटकून शेवटच्या रांगेत बसत, पण अशा कोनात की व्यासपीठावरून नेमके दिसतील. दोन मिनिटांत निवेदक ओरडे, "साहेब मागे का बसलेत? कृपया पुढे यावे!" मग ते दोन्ही हातांनी नको नको म्हणत, सगळ्यांच्या नजरा गोळा करत, सावकाश पुढे जात. पहिल्यापासून सोफ्यावर बसलेल्याला हा सोहळा मिळत नाही. एकदा निवेदक नवखा निघाला. त्याने ओळखलेच नाही. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, हे मागेच. जेवायला न थांबता गेले. दृष्टांताची परीक्षा तिथे होती, आणि तिचा पेपर तिथल्या दोन-चारशे लोकांपैकी एकट्या त्यांनाच मिळाला होता.

आम्ही ख्रिस्ती लोक यात मागे असू असे कोणाला वाटत असेल तर त्याने मंडळीच्या कमिटीची निवडणूक बघावी. ग्रामपंचायतीत निदान मटणाचे जेवण तरी उघड असते. उपासनेत एक वडीलधारे गृहस्थ फार सुंदर प्रार्थना करीत: आम्ही धूळ आहोत, राख आहोत, काहीच नाही. नाताळाच्या पत्रिकेत त्यांचे नाव चुकून राहिले, तेव्हा या धुळीचे जे वादळ उठले ते गुड फ्रायडेपर्यंत खाली बसले नाही.

याबद्दल लोणावळ्यातच राहून गेलेल्या एका माणसाला खूप काही सांगता आले असते. फादर अँथनी डिमेलो. १९३१ साली मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी पुण्यात सुरू केलेली 'साधना' ही संस्था १९७८ साली लोणावळ्याला आली. फादर आणि सिस्टर मंडळी लांबून इथे यायची, स्वतःला न्याहाळायला शिकायची, आणि म्हणे पोट धरून हसायची. डिमेलोंच्या छोट्या छोट्या गोष्टींची पुस्तके पुढे जगभर गेली. त्यांत गुरू असतो, शिष्य असतो, आणि बहुतेक वेळा टाचणी लागून फुटणारा एक फुगा असतो. आपण त्या गोष्टी शेजाऱ्याला आठवून हसतो, आणि तिसऱ्या पानाच्या सुमाराला शंका येते की शेजारी कोणाला आठवून हसत असेल?

डिमेलो ज्यांच्या परंपरेतले, त्या संत इग्नेशियसची गोष्टही अशीच. तो स्पेनच्या बास्क मुलखातला सरदारपुत्र. १५२१ साली पँप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. पाय जुळला, पण गुडघ्याखाली हाड पुढे आले. आता तलम मोजा आणि घट्ट बूट शोभायचे कसे? पठ्ठ्याने ते हाड शुद्धीत असताना कापून घेतले. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. एवढ्या थोर दर्जाची ऐट ज्याने स्वतः सोसली, त्यालाच पुढे ऐटीचा नकाशा काढता आला. त्याच्या 'आध्यात्मिक साधने'त माणूस कसा घसरतो त्याच्या पायऱ्या आहेत: आधी संपत्ती, मग मान, मग गर्व, तिथून पुढे सगळ्या वाटा मोकळ्या. आमच्याकडे याच तीन पायऱ्यांना प्लॉट, फ्लेक्स आणि 'मला ओळखलं नाहीत का?' असे म्हणतात. शेवटची पायरी टोलनाक्यावर ऐकू येते.

डिमेलो १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये शिबिर घ्यायला गेले असता अचानक वारले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनच्या सिद्धान्तविषयक खात्याने सूचना काढली की त्यांच्या लेखनातली काही मते कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. खात्याचे प्रमुख होते कार्डिनल रात्झिंगर. लोणावळ्यातून उत्तर द्यायला लेखक उरले नव्हते. असते तर त्यांनी एखादी गोष्ट सांगितली असती. पण खरी गोष्ट पुढेच घडली. रात्झिंगर २००५ साली पोप झाले, सोळावे बेनेडिक्ट. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी, माझी शक्ती आता या कामाला पुरत नाही असे लॅटिनमध्ये सांगून ते आसन आपणहून सोडले. सुमारे सहाशे वर्षांत कोणा पोपने असे केले नव्हते. आमच्याकडे पतपेढीचा अध्यक्षसुद्धा असे करत नाही. डिमेलो आणि रात्झिंगर यांची वर गाठ पडली असेल तर बोलणे काय झाले असेल, हे ऐकायला मला आवडेल.

शक्ती पुरत नाही, हे म्हणायला फार शक्ती लागत असावी. आपणहून सोडणारा आपल्याकडेही एक झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. आता केवळ देवावर हवाला. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाला ते शोभलेच. पण देवावर हवाला टाकणाऱ्याच्या घरात पिठाचा डबा बघणारे कोणीतरी लागते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचले की टिळकांचा देव त्यांचा संसार कोणाच्या हातून चालवत होता, हे पानोपानी दिसते.

नाव पुढच्याचे आणि जोर मागच्याचा, आमचा घाट हेच रोज करतो. कर्जतला पुण्याकडची गाडी थांबते. लोक वडा घ्यायला उतरतात. तेवढ्यात गाडीच्या शेपटीला इंजिने येऊन लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. चढ ३७ फुटांना १ फुटाचा, पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचा. मग ही मागची मंडळी बोगद्यांतून, धबधब्यांखालून गाडी ढकलत वर आणतात. प्रवासी खिडकीतून पुढे बघतात. "काय चढते आपली डेक्कन क्वीन!" लोणावळ्याला बँकर सुटतात. त्यांच्या नावाची घोषणा होत नाही, श्रीफळ नाही. ती पुढच्या गाडीसाठी परत कर्जतची वाट धरतात.

हा घाटही मागून ढकलूनच झाला. १८५९ साली त्याचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ठेका पुढे चालवला. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर डोंगरावर होते. कित्येक पटकीने आणि अपघातांत गेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला, तेव्हा खंडाळ्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे भाषण झाले. पुढच्या रांगेत कोण बसले असेल ते सांगायला नको.

आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी हे बँकरचे उदाहरण घेऊन कृपेवर छान उपदेश केला. उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतले निवृत्त इंजिनड्रायव्हर काका त्यांना बाहेर गाठून म्हणाले, "साहेब, तुमचं उदाहरण जुनं झालं. वंदे भारत २०२३ पासून बँकरशिवाय चढते."

पाळकसाहेबांचा चेहरा पडला. कृपेशिवाय चढणारी गाडी रेल्वेने काढली होती.

काकांनी थोडा वेळ त्यांना तसेच राहू दिले. मग म्हणाले, "काळजी करू नका. करंट तिलाही वरूनच घ्यावा लागतो. घाटात पँटोग्राफ खाली करून बघा म्हणावं."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी हे वाक्य उपदेशात घेतले. मंडळी खूश झाली, एक-दोघांनी मोठ्याने आमेन म्हटले. काका मात्र चहाला थांबले नाहीत. मी विचारले, तर म्हणाले, "कोणी सांगितलं एवढं तरी म्हणायचं होतं."