गुरुवारी फिश टँक कसा सांभाळावा

साहित्य: फिश टँक एक, आत चार-पाच वनस्पती, काळजीखोर मालक एक आणि गुरुवार. गुरुवारच का, हे पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा तो वार. आम्हा उर्सेकरांना द्रुतगती मार्गावरचा टोलनाका रात्रभर लखलखताना दिसतो, पण तो उजेड टँकच्या कामाचा नाही.

आधी घाबरून घ्या. ही पायरी कुणालाच चुकत नाही. सकाळी पंखा थांबतो, टँकवरचा दिवा विझतो आणि आपण मोबाइलचा टॉर्च धरून काचेसमोर उभे. दहा मिनिटं धरा. हात भरून येईल, मोबाइल उतरेल, झाडाला मात्र त्यातून घासभरही मिळणार नाही.

आता टॉर्च खिशात टाकून झाडाकडे नीट बघा. उजेडात ते कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर करतं, ऑक्सिजन सोडतं आणि उरलेली साखर पिष्टाच्या रूपात साठवतं. अंधारात कणगीतलं काढून खायचं, एवढंच त्याचं काम. रोज रात्री बारा तास ते हेच करतं. गुरुवारी रात्र जरा लवकर झाली, इतकाच फरक. त्यात खिडकीतून थोडा उजेड येतोच. अँबुलियासारखी काही झाडं तर संध्याकाळ झाली की दिवा चालू असतानाच पानं मिटून घेतात. फ्रान्समध्ये द मेराँ यांनी 1729 मध्ये लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवून पाहिलं, तरी ते वेळच्या वेळी पानं उघडत-मिटत राहिलं. झाडाचं घड्याळ आपल्या मीटरवर चालत नाही.

खरी काळजी माशांची करा. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात आणि तेव्हा झाड उलट हवा बिघडवतं, हे यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने 1779 मध्येच दाखवून दिलं होतं. म्हणजे अंधारात झाडं, मासे आणि फिल्टरमधले जिवाणू, सगळे एकाच ताटातला ऑक्सिजन खातात. त्यात फिल्टर बंद. मासे वर येऊन तोंड वासू लागले तर बॅटरीवरचा एअर पंप लावा. तो नसेल तर चहा गार करतो तसं टँकचंच पाणी तांब्याने उंचावरून ओतत राहा. खाणं टाकू नका. मासे उपाशी मरत नाहीत, आपल्या मायेने मरतात.

आता पुढचा वर्ग: आषाढ. मावळात पाऊस लागला, तारेवर झाड पडलं, की अंधार दोन-तीन दिवस मुक्कामाला येतो. इथेही टँकवाल्यांचा एक उफराटा रिवाज ऐकून ठेवा. पाणी हिरवं झालं की ते स्वतःच टँकवर गोधडी घालून तीन दिवस अंधार करतात. शेवाळाची शिल्लक तुटपुंजी, ते आधी खचतं. मुळं-खोडं असलेली झाडं साठ्यावर तगतात. अनुबियास सगळ्यांत निर्ढावलेलं. आफ्रिकेतल्या सावलीच्या ओढ्यांकाठचं ते झाड, जाड आडवं खोड हीच त्याची तिजोरी. भराभर वाढणारी उभ्या दांड्याची झाडं मात्र उजेड शोधत लांबतात, फिकी पडतात, खालची पानं टाकतात.

क्रिप्टोकोरिनबद्दल दोन शब्द जास्त, कारण ती घरची आहे. तिची एक जात सह्याद्रीतल्या ओढ्यांत वाढते. अख्खा पावसाळा गढूळ पुराखाली काढायचा आणि पाणी ओसरलं की फुलायचं, असा तिचा संसार. तरीही टँकमध्ये काही अचानक बदललं की ती रुसते, पानं विरघळून चिखल होतो. नवशिके इथेच तिला उपटून फेकतात. थांबा. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर काही आठवड्यांत नवं पान येईल. मी दोन फेकून ही अक्कल मिळवली.

वीज आल्यावर भरपाई म्हणून दिवा सोळा तास ठेवू नका. त्या मेजवानीला शेवाळ पहिल्या पंगतीला बसतं. खतही जास्तीचं घालू नका. नेहमीचे सात-आठ तास पुरे. परवा आमच्याकडे वीज साडेचारला आली. मी धावत जाऊन दिवा लावला, खुर्ची ओढून बसलो. सहाच्या सुमारास अँबुलियाने पानं मिटली.