चिकू-चिकू

परदेशात भाषा येत नाही म्हणून माणसं बिचकतात. आमचे काका बिचकत नाहीत. “समोर माणूस आहे ना? मग झालं!” हे त्यांचं पालुपद. रत्नागिरीच्या मच्छी बाजारात जन्मभर घासाघीस केलेला गृहस्थ. त्याला खुणांनी सगळं जग विकत घेता येतं.

टोकियोत माझ्याकडे आले. आमचं स्टेशन निशी-कसाई. निशी म्हणजे पश्चिम, हे मी समजावलं. पुढचं स्टेशन नुसतं कसाई निघाल्यावर म्हणाले, “बघ हो, इथं आजारी पडायला नको.”

आठव्या दिवशी पाठीवर गांधी उठल्या. सोबत आणलेली आमसुलं भिजवून ते पाणी चोळलं, वर कैलास जीवन फासलं. रात्रभर दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे. सकाळी गल्लीतल्या ‘हिफुका’त, म्हणजे त्वचेच्या दवाखान्यात नेलं. दारात बूट काढून आतल्या सपाता घालायच्या होत्या. काका खूश. “देवळासारखं आहे. गुण येणार.”

काउंटरवरच्या बाई ओशाळून म्हणाल्या, इंग्लिश अगदी थोडं येतं. “मलाही तेवढंच येतं, सांग त्यांना,” काका म्हणाले. माझं जपानी ऑफिसातलं. सर्व्हर बंद पडलाय हे सांगता येतं, पाठ खाजतेय हे नाही. माहितीचा कागद सगळा जपानी. त्यावर माणसाचं चित्र, पुढून आणि मागून. त्रास असेल तिथं खूण करायची. काकांनी पाठीवर इतके ठिपके दिले की आता रेघा जोडून रांगोळी पुरी करतील असं वाटलं.

मी फोनवर भाषांतर लावलं. काकांनी फोन ओढून ठणकावलं, “पाठीवर गांधी उठल्यात!” फोन काहीतरी बोलला. “गांजी?” नर्स चकित झाली आणि आदरानं वाकली. काकाही वाकले.

डॉक्टर काकांच्याच वयाचे. पाठ बघून त्यांनी विचारलं, “चिकू-चिकू?”

“छे, चिकू नाही. काल कोळंबी.”

“हिरी-हिरी?”

“मिरी? हो, मिरी होती थोडी. पण कोळंबीला दोष देऊ नका, जन्मभर खातोय.”

डॉक्टरांनी मग स्वतःच्या हातावर बोटाचं टोक टोचून दाखवलं: चिकू-चिकू. हातावर फुंकर घातली: हिरी-हिरी. काकांचा चेहरा उजळला. “अरे, चुणचुण! आणि ही चुरचुर!” मग दोघांचं जे जुळलं! डॉक्टरांची मुझु-मुझु, काकांची वळवळ. त्यांचं झुकी-झुकी, यांची ठसठस. माझ्या इंग्रजीत या सगळ्याला मिळून जेमतेम दोन-तीन शब्द. मी कोपऱ्यात काकांचा शर्ट धरून उभा.

निदान झालं ‘जिन्माशिन’. म्हणजे अंगावर पित्त. आमसुलाचा अंदाज बरोबर होता, हे काकांनी मला दोनदा ऐकवलं. इथला विमा असलेल्याला बिलाचे तीस टक्के भरावे लागतात, पाहुण्याला पुरे शंभर. आकडा ऐकून काकांचं झुकी-झुकी सुरू झालं. निघताना बाई म्हणाल्या, “ओदाइजी नि.” काकांनी अर्थ न विचारताच उत्तर दिलं, “तुम्हीही जपा हो, बाई.” अर्थ तोच होता.

परवा रत्नागिरीहून त्यांचा फोन आला. पाठीचं विचारलं.

“गांधी गेल्या रे. अधूनमधून जरा चिकू-चिकू होतं. इथल्या डॉक्टरला सांगितलं, तर म्हणतो, चिकू बंद करा. भाषाच येत नाही लोकांना!”